मामाची पद्मिनी, एक बुश आणि तीन शतांश मिलिमीटर: घरच्या लेथवर गाडीचा पार्ट कसा बनतो

"गिअर टाकतोय का पिठलं ढवळतोय तेच कळंना झालंय," मामा दिवाळीत म्हणाला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. मामाकडं जुनी प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, आणि गिअरचा दांडा खाली नाही तर स्टिअरिंगच्या खांबावर. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, हळहळले, पण ज्यांच्या दारात अजून ही गाडी उभी आहे त्यांचं दुखणं वेगळंच आहे, पार्ट. मोठे पार्ट अजून मिळतात, भंगारात, ओळखीपाळखीत, कुणाच्या तरी माळ्यावर. मिळत नाहीत ती बारकी बारकी बुशं, पिना, वॉशर.

तर मामाच्या गिअरचं बुश मी घरच्या लेथवर बनवलं, त्याचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ टाकला, आणि मग प्रश्नांचा पाऊस. हे मशीन कसलं, कुठून घेतलंस, माझ्या स्विफ्टला अमुक बनवून देशील का, आणि एकाने तर विचारलं की हे कायदेशीर आहे का. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. मी इंजिनिअर नाही, दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते. जे येतं ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका टर्नर काकांच्या, म्हणजे लेथवर काम करणाऱ्या काकांच्या, शेजारी शनिवारी शनिवारी उभं राहून शिकलेय.

लेथ म्हणजे नक्की काय

कुंभाराचं चाक आडवं पाडा. मातीच्या जागी लोखंडाचा गोल रॉड, आणि कुंभाराच्या बोटाच्या जागी पोलादी धारेचं हत्यार. झाला लेथ. ड्रिल मशीनमध्ये हत्यार फिरतं आणि वस्तू स्थिर असते, इथं नेमकं उलटं, वस्तू फिरते आणि हत्यार तिच्या अंगाला लागून हळूहळू सरकतं. त्यामुळे लेथवर जे काही निघतं ते गोल निघतं. आपल्याकडं लाकडाचं हे काम कातारी लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत, सावंतवाडीची लाखेची खेळणी अशीच फिरवून बनतात, आणि "कातीव" हा शब्दही तिथलाच.

शब्द चारच लक्षात ठेवा, बाकीचे मी टाळते. जो तुकडा कापायचा तो जॉब. त्याला धरणारी मूठ म्हणजे चक, तिला तीन नाहीतर चार जबडे असतात. कापणारं हत्यार ते टूल. आणि टूलला पुढंमागं, आतबाहेर नेणारी जी गाडी असते ती कॅरेज, तिला हँडल असतात आणि हँडलवर आकडे कोरलेली चकती. एवढंच.

लोखंड कापणारा हा आजचा लेथ साधारण १८०० सालच्या आसपास लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेनं नीट रुळावर आणला, म्हणजे टूल माणसाच्या हातातून काढून स्क्रूवर चालणाऱ्या गाडीवर बसवलं. वाचायला किरकोळ वाटतं पण सगळी गंमत त्यातच आहे. हात थरथरतो, स्क्रू थरथरत नाही. आपल्याकडं किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहरला कारखाना काढून लेथ बनवायला घेतले, मग १९५३ मध्ये बंगळुरूत एचएमटी आली, आणि त्या काळातली मशीनं अजूनही कित्येक शेडमध्ये कुरकुर न करता चालतात. माझा लेथ मात्र तसला नामांकित नाही. चार फुटी, सेकंडहँड, हिरवा रंग उडालेला, आणि तो टेम्पोतून उतरवताना गल्लीतली सहा माणसं लागली होती.

बुश म्हणजे काय आणि ते झिजलं की काय होतं

बुश म्हणजे जाड बांगडी. एका पट्टीला भोक असतं, त्यात ही बांगडी घट्ट ठोकलेली, आणि बांगडीच्या आत एक पीन सैल फिरते. दाराच्या बिजागरीसारखा सांधा, पण मध्ये एक अस्तर घातलेलं. अस्तर कशाला, तर पीन आणि पट्टी थेट एकमेकांवर घासून खराब होऊ नयेत म्हणून. चपलेचा तळ झिजावा, टाच नाही, हा साधा हिशोब. म्हणून बुश नेहमी पिनेपेक्षा मऊ धातूचं करतात.

पद्मिनीत गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ आणि गिअरबॉक्स खाली पुढं, त्यामुळे मधे पट्ट्या, रॉड आणि सांधे यांची साखळी. एका सांध्यात अर्धा मिलिमीटर ढिलाई आली तर कळणारही नाही, पण अशा सगळ्या सांध्यांची ढिलाई एकात एक मिळत जाते आणि हातातला दांडा लांब असल्यामुळे वरच्या टोकाला ती चांगली चार बोटं होते. मामाचं पिठलं ते हेच.

धातू नाही, फट मोजायची असते

नव्या माणसाला वाटतं की लेथवर आपण पार्ट बनवतो. मला पण वाटायचं. काकांनी पहिल्याच महिन्यात हे डोक्यातून काढलं. मी व्हर्निअरनं, म्हणजे सरकत्या जबड्यांच्या मोजपट्टीनं, जुनं बुश मोजून कागदावर सोळा, बारा, चौदा असं लिहून नेलं होतं, त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "अगं हे बुशाचं माप झालं. ते कशात बसतंय आणि त्याच्यात काय बसतंय त्याचं माप कुठाय?"

म्हणजे जुनं झिजलेलं बुश मोजून तसंच नवं केलं तर काय मिळणार? नवं झिजलेलं बुश. मोजायचं ते शेजाऱ्यांना. पट्टीचं भोक किती, पीन किती, आणि दोन्हींच्या मध्ये कुठं किती फट ठेवायची. बाहेरच्या बाजूला फट शून्याच्याही खाली हवी, म्हणजे बुश भोकापेक्षा किंचित मोठं, जेणेकरून ते दाबून बसेल आणि फिरणार नाही. आतल्या बाजूला किंचित फट हवी म्हणजे पीन फिरेल आणि तेलाला जागा मिळेल.

किंचित म्हणजे किती? इथं ते शीर्षकातलं शतांश येतं. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे शतांश. डोक्याचा केस साधारण सात शतांश जाड असतो, कुणाचा जास्त कुणाचा कमी. माझ्या कामाला दोन ते तीन शतांश फट पुरणार होती, म्हणजे अर्ध्या केसाहूनही कमी. साधं व्हर्निअर दोन शतांशापर्यंत दाखवतं, म्हणजे आपल्याला जेवढी फट पाहिजे तेवढीच त्याची चूक. म्हणून मायक्रोमीटर लागतो. त्याच्या मागच्या टोकाला एक छोटी मूठ असते, ती फिरवत गेलं की जॉबला टेकल्यावर किट किट किट असा आवाज करून सुटते, तो आवाज आला की थांबायचं, जास्त पिळायचं नाही. घट्ट पिळून हवं ते माप आणणारे लोक मी बघितलेत, मायक्रोमीटर बिचारा काय बोलणार.

आणि भोक दोन दिशांनी मोजायचं, उभं आणि आडवं. झिजलेलं भोक गोल राहत नाही, लंबुळकं होतं. मामाच्या पट्टीचं भोक नशिबानं गोल होतं, १६.०२. पीन मात्र एका अंगानं खाल्लेली, म्हणून ती नवीनच करायची ठरवली, बाजारात घासून तयार मिळणारा १२ चा रॉड आणला, मोजला तर ११.९९ भरला.

कशाचा करायचा

पर्याय बरेच असतात. साधं लोखंड नको, लोखंडावर लोखंड घासलं की दोन्ही एकमेकांना खातात. नायलॉन स्वस्त आहे, कापायलाही सोपं, पण ते पाणी पितं आणि फुगतं, आणि पावसाळ्यात कोल्हापुरात गाडीखाली चार महिने ओलच असते. त्यातल्या त्यात डेलरिन नावाचं प्लास्टिक बरं, ते फार कमी पाणी घेतं. पण मला जुन्या गाडीत जुनाच धातू घालायचा होता, हौस म्हणा, म्हणून फॉस्फर ब्राँझ घेतलं. २५ मिलिमीटरचा वीतभर तुकडा, महाग पडतो, वजनावर विकतात. कापताना त्याचा जो कीस पडतो तो बघत बसावा असा, केशरी-पिवळा, आणि फरशीच्या सांध्यात असा शिरतो की आई अजून शोधून काढतेय.

किती जोरात फिरवायचं

लोक विचारतात लेथ किती आरपीएमवर चालवायचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे. हा प्रश्नच अर्धवट आहे. जत्रेतल्या चक्रात आत बसलेलं पोरगं आणि कडेला बसलेलं पोरगं, दोघांचे फेरे सारखेच, पण वारा कडेच्याला जास्त लागतो. टूलला फेऱ्यांशी देणंघेणं नसतं, त्याच्यासमोरून धातू किती वेगानं सरकतोय त्याच्याशी असतं. ब्राँझला साध्या हायस्पीड स्टीलच्या टूलनं मिनिटाला तीसेक मीटर धरले तर २५ च्या रॉडला साधारण ३८० फेरे येतात, आणि तोच रॉड कापून १६ वर आणला की तेवढ्याच वेगासाठी ६०० च्या आसपास. जॉब बारीक, फेरे जास्त. ॲल्युमिनिअमला याच्या कितीतरी पट वेग चालतो, कडक पोलादाला याहून कमी.

जोरात फिरवलं की काम लवकर होतं हे खरं, पण टूलची धार जळते, मग ते कापत नाही, घासतं, घासलं की तापतं, आणि तापलेल्या जॉबचं माप खोटं असतं. हे नीट समजून घ्या कारण इथं भलेभले फसतात. ॲल्युमिनिअमचा ६० मिलिमीटरचा जॉब खोलीच्या तापमानापेक्षा ४० अंशांनी गरम असेल तर तो साडेपाच शतांशांनी फुगलेला असतो. तुम्ही गरम गरम मोजून खूश, आणि चहा पिऊन येईपर्यंत जॉब गार होऊन आकसलेला, आता त्याला धातू परत चिकटवता येत नाही. म्हणून शेवटचा हात मारायच्या आधी थांबायचं. चहा आधी, माप नंतर.

फूटपट्टी आणि थरथर

शाळेत बेंचच्या कडेला फूटपट्टी धरून वाजवलीय ना? जेवढी बाहेर जास्त तेवढी ती वाकते आणि आवाज जाड येतो. चकमधून बाहेर आलेला जॉब किंवा होल्डरमधून बाहेर आलेलं टूल ही तीच फूटपट्टी. लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच दाबाला वाकणं दुप्पट नाही, आठपट होतं. मग मशीन किंचाळायला लागतं आणि जॉबवर कोंबडीनं पाय आपटल्यासारखी नक्षी उठते. नवीन लोक याला मशीनचा दोष समजतात. नव्वद टक्के वेळा टूल जास्त बाहेर काढलेलं असतं, एवढंच (हे नव्वद माझ्या मनाचं, पण तुम्ही करून बघा). जॉबसाठी ढोबळ हिशोब असा, की जाडीच्या तिपटीपेक्षा जास्त बाहेर असेल तर दुसऱ्या टोकाला आधार द्यायचा.

बुश बनलं, आणि बसलं, आणि पीन जाईना

आता कामाचं सांगते. क्रम असा होता: रॉड चकमध्ये धरायचा, तोंड सपाट करायचं, ड्रिलनं ११ चं भोक, मग आतून बारीक टूलनं कापत १२.०२ वर आणायचं, बाहेरून १६.०५ वर, कॉलरसाठी, म्हणजे बुशाच्या एका टोकाच्या रुंद ओठासाठी, २२ चा कड ठेवायचा आणि शेवटी रॉडपासून तोडून घ्यायचं. हे सगळं एकाच पकडीत, मध्ये जॉब सोडायचा नाही. तीन जबड्यांच्या चकमधून जॉब एकदा काढला की परत तंतोतंत तसाच बसत नाही, काही शतांश इकडं तिकडं होतोच. शिवताना टाचणी काढून परत लावली की कापड सरकतं तसं. मग आतलं भोक एका मध्यावर आणि बाहेरचा गोल दुसऱ्या मध्यावर.

पहिलं बुश तर भंगारातच गेलं, आणि चूक इतकी जुनी आहे की काका नुसते हसले. मला बाहेरून एक दशांश कमी करायचं होतं, मी हँडलच्या चकतीवर एक दशांश फिरवला. टूल एका बाजूनं एक दशांश आत गेलं, पण जॉब फिरतोय, म्हणजे समोरच्या बाजूनंही तेवढंच गेलं. व्यासातून दोन दशांश गायब. काही मशीनच्या चकतीवर आकडे व्यासाचे असतात, काहींवर नसतात, आणि आपलं कुठलं ते पहिल्या दिवशी बघायचं असतं, दोनशे रुपयांचं ब्राँझ गेल्यावर नाही.

आणखी एक गोष्ट चकतीची. हँडल पुढं फिरवून मग जरा मागं घेतलं, तर चकती सरकते पण टूल जागचं हलत नाही. सायकलचं पॅडल उलटं मारून परत पुढं मारताना साखळी पकडेपर्यंत थोडं मोकळं जातं ना, तसं. स्क्रूमध्ये मोकळीक असतेच. म्हणून माप चुकून पुढं गेलं की भरपूर मागं यायचं आणि परत त्याच दिशेनं पुढं जाऊन आकड्यावर थांबायचं.

दुसरं बुश सुंदर झालं. आत १२.०२, बाहेर १६.०५, मायक्रोमीटरवर तीन वेळा बघितलं. पीन हातानं घातली तर लोण्यातून जावी तशी गेली, तीन शतांश फट. बाकावर मोठा व्हाइस, म्हणजे आवळायचा शिकंजा, होता, त्यात पट्टी आणि बुश धरून हळूहळू आवळलं, बुश करकरत आत गेलं, काय समाधान झालं सांगू. मग पीन घातली. जाईना. तेल लावलं, फिरवली, लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकायचा मोहही झाला.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "बाहेरून किती जास्त ठेवलंस?" म्हटलं तीन शतांश. "मग आतून ते तीन कुठं जाणार?"

तर झालं असं. १६.०२ च्या भोकात १६.०५ चं बुश दाबलं, जाड पट्टी काही ताणली जात नाही, पातळ बुशच चोपलं जातं, आणि जवळपास तेवढंच आतलं भोक लहान होतं. म्हणजे माझी मेहनतीनं ठेवलेली फट मीच व्हाइसमध्ये दाबून संपवली. बांगडी घट्ट बाहीत घातल्यासारखी. मी बुश बरोबर बनवलं होतं, पण बनवताना ते मोकळ्या हवेत होतं आणि काम करणार होतं ते दाबाखाली.

उपाय सोपा आहे आणि जुने फिटर तो झोपेतही करतात. आतलं भोक आधी मुद्दाम कमी ठेवायचं, बुश दाबून बसवायचं, आणि मग जागेवरच रीमर फिरवून अखेरचं माप आणायचं. रीमर म्हणजे खूप धारांचं लांबट हत्यार, ते भोक फक्त पुसल्यासारखं साफ करतं, पण ठरलेल्या मापाला. १२ च्या रीमरवर एच७ असं कोरलेलं असतं, त्याचा अर्थ भोक १२.०० ते १२.०१८ मध्ये राहणार. ११.९९ ची पीन, म्हणजे एक ते पावणेतीन शतांश फट. गिअरच्या सांध्याला छान. तिसरं बुश तसं केलं आणि ते आज गाडीत आहे.

आटे कसे पडतात, थोडक्यात

याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. भोवऱ्याला जाळी गुंडाळताना भोवरा फिरतो आणि हात सावकाश सरळ सरकतो, म्हणून जाळीचे वेढे शेजारी शेजारी बसतात. लेथमध्येही जॉबचा फेरा आणि टूलचं सरकणं गिअरनं बांधून टाकतात. एका फेऱ्याला टूल दीड मिलिमीटर सरकलं की दीडचा आटा. गाड्यांच्या एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर एम१८ बाय १.५ असतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि दीडचा आटा. सायलेन्सरवर वेल्ड करायची त्याची नट हे हौशी लोकांचं आवडतं पहिलं काम. गिअर नॉब दुसरं.

थ्रीडी प्रिंटर असताना कशाला एवढी कटकट

भाच्याचा प्रश्न. उत्तर असं की पीएलए नावाचं जे नेहमीचं प्लास्टिक प्रिंटरला लावतात ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि एप्रिलमध्ये उन्हात लावलेल्या गाडीत, त्यातही इंजिनाजवळ, एवढं तापमान काही मोठी गोष्ट नाही. शिवाय थर थर रचलेली वस्तू थरातच सुटते. पण आधी प्लास्टिकचा नमुना छापून गाडीत बसतोय का बघायचं आणि मग महागडा धातू कापायचा, ही युक्ती मात्र भारी आहे, मी आता तेच करते.

बाहेरून करून घेणं स्वस्त नाही का पडलं असतं? शंभर टक्के. उद्यमनगरात हे बुश अर्ध्या तासात मिळालं असतं आणि माझ्याहून चांगलं. एका पार्टसाठी लेथ घेणं म्हणजे एका ताकासाठी म्हैस पाळणं. ज्याला म्हैस आवडते त्यानं पाळावी. बाहेर काम द्यायचं असेल तरी हे सगळं माहीत असलेलं बरं, कारण टर्नरला "ह्याच्यासारखं करून द्या" म्हटलं तर तो ह्याच्यासारखंच करून देतो, झिजलेलं.

मग माझ्या गाडीला व्हील स्पेसर करून दे

नाही. सगळ्यात जास्त मागणी याचीच आहे म्हणून जरा सविस्तर. स्पेसर म्हणजे चाक बाहेर दिसावं म्हणून हब (गाडीचा ज्या भागावर चाक बोल्टनं बसतं तो) आणि रिमच्या मध्ये घालायची चकती. दिसायला बुशाहून सोपी, गोल आणि सपाट. पण चाकाचा नट चाकाला नुसता अडकवून ठेवत नाही, तो बोल्टला रबर बँडसारखा ताणून ठेवतो आणि त्या ताणानं रिम हबवर चिकटून राहते. मध्ये जाड चकती आली की बोल्टचे आटे नटमध्ये कमी शिरतात. चकतीची दोन तोंडं जराशी तिरकी असली तर एका बोल्टवर ताण जास्त, दुसऱ्यावर कमी.

आणि हा ताण एकदाच येत नाही. लहान गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण १.८ मीटर जातं. कोल्हापूर ते पुणे २३० किलोमीटर धरले तर एका खेपेला सव्वा लाखाच्या वर फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला धातू इकडून तिकडं वाकतो. तार एकदा वाकवून तुटत नाही, वाकवत राहिलं की तुटते, हे सगळ्यांना माहितीय. त्यातही धातू कुठून तुटायला सुरुवात होते, तर जिथं टूलनं आत टोकदार कोपरा सोडलाय तिथून. शाम्पूच्या पुडीला कडेला छोटा कट असतो तेवढ्यामुळं ती सहज फाटते, कट नसेल तर दात लावावे लागतात. लेथवर केलेला तीक्ष्ण कोपरा हा तोच कट. म्हणून कारखान्यात अशा जागी कोपरा गोलसर ठेवतात, धातू कुठल्या जातीचा त्याचा कागद असतो, पार्ट तपासतात, तोडून बघतात. माझ्याकडं यातलं काय आहे? रॉड भंगारवाल्यानं "ईएन ८ आहे ताई" (पोलादाची एक जात) म्हणून दिलेला.

माझा नियम असा आहे: पार्ट तुटला तर गाडी थांबेल की गाडी थांबणार नाही? गिअरचं बुश गेलं तर गिअर पडणार नाही, रस्त्याकडेला उभी करून शिव्या घालता येतात. ब्रेक, स्टिअरिंग, चाक, सस्पेन्शनचा सांधा गेला तर गाडी थांबत नाही. ते मी करत नाही, मामानं मागितलं तरी नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं ठरवलेला आणि आरसी बुकात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, त्यात बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागं ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. मूळ मापाचं झिजलेलं बुश बदलणं ही माझ्या समजुतीप्रमाणं दुरुस्ती झाली, फेरफार नाही. चाकं बाहेर काढणं, सायलेन्सरचा आवाज वाढवणं हे दुसऱ्या बाजूला. मधल्या गोष्टींसाठी आरटीओत विचारा, मला नको, आणि इन्शुरन्सचा क्लेम करताना कोण काय विचारेल तेही डोक्यात ठेवा.

हात, केस, चावी

हे शेवटी लिहितेय पण करायचं सगळ्यात आधी. हातमोजे घालायचे नाहीत. लोकांना हे उलटं वाटतं, पण मोजा चकमध्ये अडकला की हात घेऊन जातो, सुटत नाही. मी केसांचा अंबाडा घालून टोपीत कोंबते, बांगडी, ओढणी, घड्याळ, गळ्यातलं सगळं काढून डब्यात, शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर. डोळ्यांवर चष्मा. कीस हातानं ओढायचा नाही, विशेषतः लोखंडाचा लांब कुरळा कीस, तो ब्लेडसारखा कापतो, आकडा वापरायचा. आणि चक आवळायची चावी चकमध्ये ठेवून मशीन कधीही चालू करायचं नाही. काकांची सवय अशी की चावी एकतर हातात नाहीतर खुंटीवर, तिसरी जागाच नाही. त्यांच्या शेडच्या पत्र्याला एक भोक आहे, ते सवय लागायच्या आधीचं.

घ्यायचा झाला तर

घरी सिंगल फेज असते आणि जुने मोठे लेथ बहुतेक थ्री फेज मोटरवर, हे आधी बघा. मोटर बदलता येते, किंवा व्हीएफडी नावाचा डबा लावून सिंगल फेजवरच थ्री फेज मोटर चालवता येते, वर वेगही कमीजास्त करता येतो. टेबलावर बसणारे सात बाय चौदा इंचांचे मिनी लेथ येतात, चाळीसेक किलोचे, फ्लॅटमध्ये तेच बरे, पण त्यांच्यावर लोखंडाचा मोठा घास घेता येत नाही, कुरतडत बसावं लागतं. सेकंडहँड घेताना रंग बघू नका, कॅरेज ज्यावर सरकते त्या रुळावरून, चकजवळच्या भागात, बोट फिरवा. काम तिथंच जास्त झालेलं असतं, तिथं पायरी लागली तर रूळ झिजलाय. मायक्रोमीटर, रीमर वगैरे पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात, मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला बघा, फक्त जुना मायक्रोमीटर घ्यायच्या आधी पूर्ण बंद करून शून्य येतंय का ते तिथंच तपासा.

आणि पहिल्याच दिवशी गाडीचा पार्ट करायला घेऊ नका. काकांनी मला लोखंडाचा एक रॉड दिला होता आणि सांगितलं होतं की ह्याचे २० मिलिमीटरचे दहा तुकडे कर, दहाही दोन शतांशात आले पाहिजेत. माझे तीन आले.